पोहे कुणाचे?

पदार्थावर मालकी सांगायची हौस जगभर आहे. कॅनडातले पूतीन घ्या. तळलेल्या बटाट्याच्या फोडी, त्यावर ताज्या चीजचे खडे आणि वरून गरम ग्रेव्ही. 1950 च्या दशकात क्वेबेक प्रांतातल्या गावाकडच्या खानावळींत ते जन्मले. वॉर्विक आणि ड्रमंडव्हिल ही दोन्ही गावे पहिलेपणाचा मान मागतात. एके काळी गावंढळ म्हणून हिणवलेला हा पदार्थ आता कॅनडाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवतो. क्वेबेकमधल्या काहींना ते खुपते. आधी हसलात, आता ताटच पळवता काय, असा त्यांचा सवाल.

आपल्याकडे असा वाद पोह्यांवरून होऊ शकतो. माळव्यात धार जिल्ह्यात मही नदीकाठी सरदारपुर आहे. इंग्रजांच्या काळी इथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. तिथे सकाळी मी पोहे खाल्ले. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवर मऊ राहिलेले, बडीशेप घातलेले, वर शेव, कांदा, जिरावन आणि सोबत गरम जिलबी! आमच्या कांदेपोह्यांचे हे भाऊबंदच, पण घरोबा वेगळा.

मराठे आले आणि पोहे आणले, असे माळव्यात सांगतात. आपल्यालाही ते ऐकायला गोड लागते. याच तालुक्यातल्या अमझेऱ्याला 29 नोव्हेंबर 1728 रोजी चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादुराला मारले आणि माळव्याचे दार उघडले. पुढे धार आणि देवास इथे पवारांची राज्ये उभी राहिली. त्यांच्यासोबत मराठी माणसे आली, मराठी स्वयंपाकघरेही आली.

पण भागवतातला सुदामा कृष्णाला भेटायला पोहेच घेऊन जातो. संस्कृतात त्यांना 'पृथुक' म्हणतात. आणि परंपरा सांगते की हे दोघे मित्र सांदीपनींकडे शिकले ते उज्जैनला, म्हणजे माळव्यातच! मग कुणी कुणाला काय दिले?

आम्हा गोयंकारांचे तर तिसरेच. आमच्याकडे नरकचतुर्दशीला फोव. तिखशे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले. फोडणीचे पोहे म्हणजेच पोहे असे मानणाऱ्याला गोव्यातली ही सकाळ चकित करते.

मला वाटते, मराठ्यांनी आणला असेल तर तो पोहा नव्हे, न्याहारीचा रिवाज. माळव्याच्या काळ्या मातीत गहू पिकतो, भाताचे हे पीक नव्हे. तरी त्या भूमीने बाहेरचा दाणा घेऊन त्याला जिलबीशेजारी बसवले, आणि तो तिचा झाला.

पदार्थाला जन्मगाव असते, पण त्याला आपला म्हणायला जन्मदाखला लागत नाही. रोज मांडावा लागतो, एवढेच.