जैतून तेल आणि हृदयरुग्ण : तेलातले नेमके काय कामाला येते?

जैतूनचे नाव आपल्याला नवे नाही. कुरआनात सूरह तीन आणि सूरह नूरमध्ये त्याचा उल्लेख आहे. अनेक घरांत जैतूनच्या तेलाची बाटली असतेही, पण ती बहुधा मालिशीसाठी. ज्यांना एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांनी हे तेल खाण्यात घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते, हे समजून घेऊ.

तेलात काय असते?

जैतून तेलाचा मोठा भाग ओलेइक आम्लाचा असतो. हे आम्ल आपल्या शेंगदाणा तेलातही बऱ्यापैकी असते. जैतूनचे वेगळेपण आहे ते त्यातल्या पॉलिफेनॉल या घटकांत : हायड्रॉक्सीटायरोसोल, ओल्युरोपिन, ओलिओकँथल वगैरे. चांगले तेल चाखले की घशात जी तिखट खवखव होते, ती ओलिओकँथलमुळे. आयबुप्रोफेन या गोळीसारखाच सूज कमी करण्याचा गुण त्यात असल्याचे २००५ साली संशोधकांनी दाखवले.

रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ऑक्सिजनच्या क्रियेने बिघडले की धमनीच्या भिंतीत साचू लागते. पॉलिफेनॉल हा बिघाड रोखायला मदत करतात. युरोपियन युनियनने याच मुद्द्यावर बाटलीवर दावा छापायला परवानगी दिली आहे. अट अशी की २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसोल व त्यासारखे घटक मिळून किमान ५ मिलिग्रॅम असावेत.

रुग्णांवरचे प्रयोग

स्पेनमध्ये हृदयविकार असलेल्या ४० पुरुषांना तीन आठवडे व्हर्जिन आणि तीन आठवडे रिफाइंड जैतून तेल, रोज ५० मिलि, कच्चेच दिले गेले. व्हर्जिन तेलाच्या काळात बिघडलेले एलडीएल कमी आढळले. ओलेइक आम्ल दोन्ही तेलांत होते. मुख्य फरक पॉलिफेनॉलचा.

मोठा पुरावा कोर्दोबा शहरातला. हेच ते अंदलूसचे कुर्तुबा. स्पॅनिश भाषेत तेलाला आजही ‘असेइते’ म्हणतात, तो शब्द अरबी ‘अझ्-झैत’वरूनच आलाय. तिथे १,००२ हृदयरुग्णांना सात वर्षे दोन गटांत ठेवले. एका गटाला एक्स्ट्रा व्हर्जिन तेलासह भूमध्यसागरी आहार, दुसऱ्याला कमी चरबीचा आहार. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा गंभीर घटना पहिल्या गटात ८७, दुसऱ्यात १११. फायदा पुरुषांत स्पष्ट दिसला. स्त्रिया कमी असल्याने त्यांच्याबद्दल ठाम सांगता आले नाही. शिवाय हा फायदा एकट्या तेलाचा नाही. भाज्या, फळे, डाळी, मासे, सुकामेवा हे सगळे त्यात आले.

विकत घेताना

• ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ लिहिलेलेच घ्या. रिफाइंड करताना पॉलिफेनॉल बहुतांशी निघून जातात.
• ‘पोमेस’ म्हणजे उरलेल्या चोथ्यातून काढलेले तेल. ‘एक्स्ट्रा लाइट’मध्ये कॅलरी कमी नसतात, फक्त रंग आणि चव फिकी असते.
• मालिशीची बाटली खाण्यासाठी वापरू नका.
• गडद काचेची बाटली बरी. उजेड आणि शेगडीपासून लांब ठेवा.

वापरताना

दीड मोठा चमचा तेल म्हणजे साधारण २० ग्रॅम, सुमारे १८० कॅलरी. म्हणून हे रोजच्या तेलात भर म्हणून नाही, तर त्याच्या बदल्यात घ्यायचे. कोशिंबिरीत, डाळीवर किंवा भाजी उतरवल्यावर वरून घालावे. जास्त तापवले की पॉलिफेनॉल कमी होतात. सामोसे-भजी या तेलात तळल्याने ती पथ्याची होत नाहीत.

बाटली परवडत नसेल तरी घाबरायचे कारण नाही. वनस्पती तूप बंद करणे, तळण, मीठ, तंबाखू सोडणे आणि डाळ-भाजी वाढवणे हे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी जैतून तेलाच्या भरवशावर बंद करू नका. स्टेंट बसवलेल्यांनी मनाने गोळी सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. तेल जेवणात, गोळी वेळेवर, आणि बदल करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून.