तेरची पांढर आणि लामतुरे यांचा संग्रह

तेर हे गाव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. सोलापुराहून तुळजापूर, धाराशिव करीत जा, नाहीतर बार्शीवरून जा. तेरणेच्या काठी ते लागते. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. भिंती लिंपायला, माळवदावर घालायला ती पूर्वापार नेतात. पावसाने टेकाड धुपले की तिच्यातून मणी, बांगड्यांचे तुकडे, एखादे नाणे वर येते.

आता या वस्तूंचे मोल कोणी करायचे? नाणे सोन्याचे निघाले तर सराफ तोळ्यावर घेईल. तांब्याचे असले तर ते मोडीत जाईल. मणी पोरे खेळायला नेतील, आणि मातीची बाहुली तर कवडीमोलाचीच. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हा बाजारभाव मानला नाही. गावाच्या पांढरीतून निघालेले ते जमवीत गेले. फुटके असो, धड असो, त्यांना ते हवेच असे. असा माणूस गावाला थोडा वेडाच वाटायचा, नाही का?

पण या संग्रहाची खरी किंमत समजायला थोडे मागे जावे लागेल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातल्या एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी टिपण केले. त्यात तगर नावाचे मोठे शहर येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते होते, आणि तिथून गाड्यांनी भडोच बंदराला कापड जाई. साधे जाडेभरडेही आणि तलम मलमलही. सोलापूरच्या विणकरांनी हे ऐकून ठेवावे! हे तगर कोणते, यावर विद्वानांचे पुष्कळ वाद झाले. कोणी जुन्नर म्हणे, कोणी देवगिरी. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले, आणि पुढे लवकरच पुराणवस्तू खात्याचे कझिन्स यांनी गावाची पाहणी केली. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावे, हे त्यांचेच मत.

कागदावर सिद्ध झालेल्या या गोष्टीला लामतुरे यांच्या संग्रहाने हातात धरता येईल असा पुरावा दिला. दोन साच्यांत घडवलेल्या, आतून पोकळ अशा पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती त्यात आहेत. ही रीत रोमन कारागिरांची. आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्याच घराण्यातली. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली असे मात्र म्हणवत नाही. तशाच घडणीचा एक तुकडा भोकरदनलाही मिळाला आहे.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावी. तोच मणी मुंबईच्या दुकानात ठेवा. गिऱ्हाईक विचारील, “कुठला?” दुकानदार म्हणेल, “जुना आहे.” संपले. तो मणी शोभेचा झाला, साक्षीचा राहिला नाही. तेरचा मणी तेरला असला म्हणजे तो गावाच्या बाजूने बोलतो. लामतुरे यांनी माल बाहेर विकला असता तर पैसा मिळाला असता. पण तगराची साक्ष शंभर कपाटांत विखुरली असती.

वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह पुढे लामतुरे घराण्याने शासनाच्या स्वाधीन केला, आणि रामलिंगप्पांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरलाच उभे राहिले. ही ‘तेरलाच’ची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. त्याआधीचा, १८७८ चा कायदा जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यायला सांगतो. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक बांधावर कुठून येणार?

संग्रहालयात गेलात तर उत्तरेश्वराच्या देवळाचा कोरीव लाकडी दरवाजा अवश्य बघा. आपल्या हवेत लाकूड इतकी शतके टिकत नाही. वाळवी, पाऊस, शेवटी चूल. हा दरवाजा चुलीत गेला नाही. मुलांना घेऊन जाल तेव्हा तो आधी दाखवा, मणी मागाहून.