पालखीची गती आणि समूहाची व्याख्या

नाउम गाबो व आंतोन पेव्हस्नर यांनी १९२० च्या ‘वास्तववादी जाहीरनाम्या’त गतिमान लयीला कलेच्या मूलभूत रूपांत स्थान दिले, १९६० साली न्यूयॉर्कमध्ये जाँ तिंगेलीच्या यंत्रशिल्पाने प्रेक्षकांसमक्ष स्वतःचीच मोडतोड केली. तेथे प्रेक्षक गतीच्या बाहेर उभा होता. रत्नागिरीच्या शिमग्यात नाचणारी ग्रामदेवतेची पालखी हे मात्र यंत्राविना चालणारे गतिशिल्प आहे. ढोल-ताशांच्या लयीवर खांदेकरी तिला उसळवतात, फिरवतात. तोल कोणा एकाचा नसतो. तो खांद्याखांद्यांत वाटला जातो. म्हणूनच ती गती माणसांची न वाटता देवाची वाटते.

परंतु येथेच ‘समूह’ या संज्ञेची ऐतिहासिक तपासणी आवश्यक ठरते. कोकणात पालखीला खांदा देणे हा ‘मान’ होता; तो गावऱ्हाटीने ठरवला आणि जातिव्यवस्थेने अनेकांना नाकारला. याच शहरात भागोजीशेठ कीर यांच्या दानातून १९३१ साली सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. वेगळे मंदिर उभारावे लागले, यातच जुन्या समूहाची मर्यादा उघड होते. तेव्हा सामूहिक वर्तनाचे सौंदर्यशास्त्र केवळ लयीच्या आधारे मांडता येणार नाही. नाचणारे किती एकरूप झाले, हे विचारण्यापूर्वी कोणाचा खांदा नाकारला गेला, हे विचारले पाहिजे.