माळवद आणि पाऊस

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें एक जुनें गांव आहे. यादवकालीन देवळें, कोरीव कामाचा एक उंच स्तंभ, गोकुळेश्वराचें मंदिर आणि बारव यांमुळें इतिहासाच्या अभ्यासकांस तें परिचित आहे. या देवळांस लोक सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. वस्तुतः हेमाद्रि पंडित हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. आणि अंबरनाथचें देऊळ तर १०६० सालचें, म्हणजे त्याच्या दोनशें वर्षें आधींचें. पण नांव एकदां लोकांच्या तोंडीं बसलें कीं तें सुटत नाहीं. अभ्यासक अशा देवळांचे खांब मोजतात, मूर्तींचीं वर्णनें लिहितात. छताकडे मात्र पावसाळ्याखेरीज कोणाची दृष्टि जात नाहीं. आज विचार करावयाचा तो त्या छताचा, आणि त्याबरोबर अशा गांवांतील घरांच्या व दुकानांच्या छतांचाहि.

देवळाच्या मंडपाचें छत बहुधा सपाट असतें. खांबांवर दगडी तुळया, तुळयांवर शिळा. चौकोनांत तिरपे चौकोन बसवीत मधली पोकळी लहान करीत न्यावयाची आणि शेवटीं एका कोरीव शिळेनें ती मिटवावयाची, अशी त्या कारागिरांची युक्ति. घट्ट काळा पाषाण पाणी फारसें शोषीत नाहीं. गळती होते ती सांध्यांतून. म्हणून कित्येक देवळांच्या शिळांवर विटा-चुन्याचा थर दिलेला आढळतो. चुना घाणींत बैल जुंपून मळीत आणि त्यांत गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ कालवीत. अशा चुन्याचा एक गुण विशेष आहे. त्यास केसासारखी बारीक चीर पडली तर पावसाचें पाणी थरांतील थोडा चुना विरघळवून चिरेंत आणून बसवितें आणि चीर आपोआप बुजते. मोठी भेग मात्र अशी बुजत नाहीं. तींत पक्ष्यांनीं टाकलेलें पिंपळाचें बीं रुजलें म्हणजे मुळें पाचरीप्रमाणें शिरतात व मणामणाच्या शिळा जागच्या सरकतात. परचक्रानें देवळें पडलीं हें सर्वांस ठाऊक असतें. पिंपळाच्या रोपट्यानें किती पाडलीं याची बखर कोणी लिहिली नाहीं.

सपाट छत या मुलुखांत कां रूढ झालें, हें पावसाच्या मानावरून कळतें. कोंकणांत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस. तेथें उतरतें छप्पर नसेल तर घर टिकावयाचें नाहीं. सह्याद्रीच्या पूर्वेस ढग रिते होऊन येतात. परभणीकडे वर्षाचा पाऊस नऊशें मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे पस्तीस-छत्तीस इंच, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने छतावर धान्य वाळवावें, उन्हाळ्यांत रात्रीं निजावें, आणि वैशाखांतल्या दुपारीं खालच्या खोलींत गारवा मिळावा, अशी सोय मातीच्या सपाट छतानें होते. यालाच मराठवाड्यांत माळवद किंवा धाबें म्हणतात.

माळवदाची रचना साधी आहे. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर दाट किलचण, किलचणीवर पाला किंवा पाचट, आणि सर्वांवर चोपून बसविलेली माती. मधून उजेडासाठीं व धुरासाठीं साणें, आणि कडेला पाणी दूर फेकणारे पन्हळ. माती कोणती, यावर सारें अवलंबून असतें. शेतांतील काळी माती येथें निरुपयोगी. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं आक्रसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून माळवदाला लागते ती पांढरी माती. ही मिळते जुन्या वस्तीच्या जागीं, जेथें शेंकडों वर्षें घरें पडलीं, राख सांचली आणि पुन्हां घरें उठलीं. गांवाला 'पांढरी' म्हणतात तें यावरूनच. जिवंत घराच्या डोक्यावर मेलेल्या घरांची माती घालावयाची, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला.

इतिहासाच्या दृष्टीनें त्याची किंमत जबर पडली. पैठण, तेर, भोकरदन येथील पांढरीच्या टेकाडांत सातवाहनांच्या काळापासूनचे अवशेष आहेत. माळवदाच्या गळतीवर उपाय म्हणून अशीं टेकाडें वर्षानुवर्षें पोखरलीं गेलीं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं तेथें सांपडणाऱ्या वस्तु जपून गोळा केल्या म्हणून तेथील वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. एरवीं त्यांतील बरेंच माळवदावर जाऊन पावसानें वाहून गेलें असतें.

परंतु याहून मोठी किंमत पुढें मोजावी लागली. दरवर्षीं मृगापूर्वीं माळवद तपासावें, उगवलेलें गवत मुळासकट काढावें, पन्हळ साफ करावे, भेगा बुजवून नवी माती पसरावी, अशी रीत होती. तिच्यांत एक खोट राहिली. नवी माती घालतांना जुनी उतरवीत नसत. गळलें कीं आणखी चार पाट्या, पुढील वर्षीं आणखी चार. असा थर चढत जाऊन कित्येक घरांवर दोन-दोन फूट माती झाली. त्याचा हिशेब सोपा आहे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे सुमारे साडेपांच ते सहा टन ओझें; दोन फूट झाली तर अकरा-बारा टन, आणि पावसांत भिजल्यावर याहून अधिक. हें सारें वाळवीनें पोखरलेल्या सरांवर आणि मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंतींवर.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती. जगांत याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत आणि त्यांत याहून कमी माणसें दगावलीं आहेत. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मात्र सुमारे आठ हजार माणसें गेलीं, कारण तीं माळवदांखालीं झोंपेंत होतीं. भिंतींच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. धक्क्यासरशी भिंती फुटल्या आणि वरची माती खालीं आली. कित्येकांचा जीव दगडांनीं नव्हे, तर मातीखालीं श्वास कोंडून गेला. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जीं जुनीं घरें राखावयाचीं होतीं, त्यांच्याविषयीं तज्ज्ञांचा आग्रह हाच कीं माळवदावरील माती उतरवून थर पातळ करावा, आणि पाणी अडविण्याचें काम मातीच्या जाडीवर न टाकतां तिच्याखालीं प्लास्टिकचा कागद घालावा.

आतां बाजारपेठेंतील दुकानांकडे वळूं. मोठ्या गांवांच्या पेठांत माळवदाची जागा सिमेंटच्या स्लॅबनें घेतली आहे. स्लॅब गळत नाहीं असा समज पहिलीं कांहीं वर्षें टिकतो. भुसाराच्या दुकानांत एका रात्रींत पोत्यांचा खालचा थर भिजला, ज्वारीला मोड आले, कीं मग धांवाधांव होते. गवंड्यास बोलावून जेथें थेंब पडतो त्याच्या बरोबर वर सिमेंट लिंपलें जातें आणि गळती तशीच राहते. पाणी शिरतें एकीकडे, कोब्याखालून पसरतें आणि टपकतें भलतीकडेच. शोध घ्यावयाचा तो कठड्याच्या बुडाशीं, पन्हळाच्या तोंडाशीं, शेजारच्या दुकानाला लागून असलेल्या सांध्यांत, पाण्याच्या टाकीखालीं, आणि फलकासाठीं कठड्यांत पाडलेल्या भोकांत.

स्लॅबचा खरा शत्रु सांचलेलें पाणी. वाहून जाणारा मुसळधार पाऊस जितकें नुकसान करीत नाहीं तितकें चार दिवस तुंबलेलें बोटभर पाणी करितें. तें झिरपून आंतील लोखंडापर्यंत पोंचलें कीं गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि सिमेंटच्या खपल्या खालून फोडून काढतो. गळती ही धान्याची हानि वाटते, पण ती आंतून छताचें बळहि खात असते. यासाठीं शंभर फुटांस निदान एक फूट उतार पन्हळाकडे द्यावा, विटांच्या तुकड्यांचा कोबा त्याच उतारानें बसवावा, आणि कठडा व छत यांच्या कोनांत सिमेंटची गोलाई, जिला गवंडी वाटा म्हणतात, ती करून घ्यावी. काम पुरें झाल्यावर छतावर दोन-तीन दिवस पाणी कोंडून खालून पाहावें. हें सारें उन्हाळ्यांत उरकावें. भर पावसांत ओल्या भेगेवर लावलेलें डांबर धरत नाहीं.

चारठाण्याच्या टापूंत भूकंपाची भीति नाहीं, असें पूर्वीं बोललें जाई. २१ मार्च २०२४ रोजीं शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो परभणी व नांदेडकडेहि जाणवला. जुन्या माळवदाची माती न उतरवितां तिच्यावर पत्रे ठोकले, तर गळती थांबते आणि घर कोरडें होतें. अकरा-बारा टनांचें ओझें मात्र निजणाऱ्यांच्या डोक्यावर तसेंच राहतें.