कुलूप, चावी आणि नेवाशाची पोथी

मी सोनईचा, असं सांगितलं की ऑफिसात हमखास एक विनोद होतो. "म्हणजे शनिशिंगणापूरच्या शेजारचा ना? जिथं घरांना दारं नाहीत, तिथला माणूस संगणकाची कुलपं सांभाळतो!" मीही हसतो. पण स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा जाणवलं, की लपवायचं काय आणि उघडं ठेवायचं काय, हा प्रश्न आपल्या मुलखात सातशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे.

माझ्यापुरती सुरुवात आपल्या वर्गात झाली. आठवीतली आपली 'च'ची भाषा आठवते ना? शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे 'च' लावायचा. शाळा म्हणजे 'चळाशा'. त्या भाषेतली एक चिठ्ठी गणिताच्या सरांच्या हाती लागली. सरांनी ती दोनदा वाचली, फळ्याकडे वळले आणि लिहिलं, 'चहीव चघडाउ'. सगळ्या वर्गानं मुकाट्यानं वही उघडली. प्रत्येक शब्दाच्या आधी 'च' दिसल्यावर आणखी वेगळी चावी शोधायची गरजच नव्हती.

पुढे कळलं, की मराठीत याहून कितीतरी गंभीर सांकेतिक लेखन होऊन गेलं आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. त्यांच्या आठवणींचा 'लीळाचरित्र' हा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला ग्रंथ मराठी गद्याचं मोठं धन आहे. हे पवित्र वाङ्मय बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये म्हणून पंथीयांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या तयार केल्या. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी सकळ लिपीची साधारण रचना. पोथी समोर असूनही वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी ही लिपी पंथाबाहेर उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कित्येक नवी पानं आली. या कुलपाचा एक फायदाही झाला. मजकुरात परक्यांचे हात फारसे फिरले नाहीत. पण तोटा असा, की शतकानुशतकं बाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतलं हे धन ठाऊक नव्हतं आणि पंथाविषयी गैरसमज मात्र वाढत गेले.

त्याच तेराव्या शतकात, आपल्याच तालुक्याच्या गावी, नेवाशाला, नेमकी उलटी वाट धरली गेली. शके 1212 म्हणजे 1290 मध्ये पैसाच्या खांबापाशी ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. संस्कृतच्या कुलपात असलेलं सर्वांसाठी खुलं झालं. ज्याला हवी त्यानं नक्कल करावी. आम्ही प्रोग्रामर ज्याला ओपन सोर्स म्हणतो, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही.

पण खुलेपणाचीही किंमत असते. नकला करता करता चुका शिरल्या, पदरच्या ओव्याही घुसल्या. शेवटी पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. जवळजवळ तीनशे वर्षांनी कुणीतरी जबाबदारीनं वाचायला बसलं, म्हणून आपल्याला नेटकी ज्ञानेश्वरी मिळाली.

आजचं गुप्तलेखन या दोन्ही वाटा एकत्र आणतं. 1883 मध्ये ऑगस्ट केरखॉफ्स या डच भाषातज्ज्ञानं मांडलं, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती फक्त चावी. 1997 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं नव्या सांकेतिक पद्धतीसाठी खुली स्पर्धा लावली. जगभरातून आलेल्या 15 पद्धती तज्ज्ञांनी चारचौघांत तपासल्या, मोडायचा प्रयत्न केला आणि दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत टिकली. 2001 पासून तीच एईएस या नावानं मानक आहे. तिची कृती कुणीही वाचू शकतो. तरीही तुमची चावी तुमच्याजवळ असेल तोवर मजकूर सुरक्षित. म्हणूनच मित्रांनो, ओटीपी कुणाला सांगू नका, हे मी प्रत्येक लग्नात सांगत फिरतो!

एकनाथांचं काम मात्र अजून संपलेलं नाही. 2024 च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला दिसलं, की दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यानं माग काढला. फाइल आवळून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदार बसवलं होतं. मदतनीस म्हणून येऊन, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावून! ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होतं. जग थोडक्यात वाचलं, कारण एकानं अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष केलं नाही.

त्या दिवशी मला झोप लागली नाही. मीही एका लहानशा खुल्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. रात्री अकरा वाजता, दमलेलो असताना, ओळखीच्या नावानं आलेला बदल न वाचता मंजूर केल्याचं मला पक्कं आठवतं. नंतर मी ते सगळे बदल ओळीनं वाचले. घातक काही सापडलं नाही, चुका मात्र सापडल्या. सर, तुम्ही आमची चिठ्ठी दोनदा वाचली होती. मी एकदाही वाचत नव्हतो.

म्हणून एक ठरवलं आहे. शाळेची परवानगी मिळाली तर दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीला लागून दोन दिवस संगणक कक्षात येईन आणि मुलांना प्रोग्राम लिहायला नव्हे, तर दुसऱ्यानं लिहिलेला वाचायला शिकवीन. आपल्या बॅचमधल्या ज्यांना जमेल त्यांनी सोबत या. एका दुपारी मुलांना घेऊन नेवाशालाही जाऊ.

तोवर, चटूयाभे!