पुरता न झालेला अंधार

आकाश निळं का, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात दोन वाक्यांत संपतं: हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा कमी, म्हणून आकाश निळं. या उत्तरात कणाचं आकारमान येतं, आकार येत नाही. कण गोल आहे की लांबट, त्याची दोन टोकं सारखी आहेत की वेगळी, याने काही फरक पडतो का? हा प्रश्न विचारायला जवळजवळ अर्धशतक जावं लागलं, आणि तो विचारायला लावला एका किरकोळ वाटणाऱ्या त्रुटीने.

1869 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल काचेच्या नळीत विरळ वाफा भरून त्यांतून प्रकाशाचा झोत सोडत होता. वाफेतून अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार झाला की नळी आकाशासारखी निळी दिसे. झोताला काटकोनात उभं राहून निकोल प्रिझममधून पाहिलं, तर प्रिझम फिरवल्यावर एका स्थितीत ही निळाई विझून जाई. म्हणजे बाजूला विखुरलेला प्रकाश ध्रुवित होता. त्याची कंपनं एकाच दिशेत होती. दोन वर्षांनी जॉन विल्यम स्ट्रट (पुढे लॉर्ड रॅली) यांनी याचं गणित मांडलं. विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हा त्यांचा नियम प्रसिद्धच आहे. 1899 साली त्यांनी दाखवलं की आकाश निळं व्हायला धूळ लागत नाही. हवेचे रेणू पुरेसे आहेत.

या गणितात कण सर्व दिशांनी सारखा धरलेला होता. अशा कणावर प्रकाश पडला, की त्यातले इलेक्ट्रॉन ज्या दिशेने ढकलले जातात त्याच दिशेने हलतात. मग काटकोनात ध्रुवीकरण संपूर्ण असायला हवं आणि निकोलमधून एका स्थितीत पूर्ण काळोख दिसायला हवा.

तो दिसला नाही. 1918 साली रॅलींचे चिरंजीव रॉबर्ट स्ट्रट यांनी धूळ काढून टाकलेल्या वायूंमधून प्रकाश सोडून पाहिला. आर्गॉनच्या बाबतीत अंधार जवळजवळ पुरता झाला. हवेत थोडा उजेड उरला, कार्बन डायऑक्साइडमध्ये जास्त आणि नायट्रस ऑक्साइडमध्ये त्याहूनही जास्त. आजच्या मोजमापांनुसार हा उरलेला भाग हवेसाठी तीनेक टक्के आणि कार्बन डायऑक्साइडसाठी आठ टक्क्यांच्या आसपास आहे.

एवढासा उजेड उपकरणाच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. तसं झालं नाही, कारण तो वायूगणिक बदलत होता. त्याच वर्षी पंचाहत्तरीतल्या वडिलांनी, कोणत्याही आकाराचे आणि वाटेल त्या दिशेला तोंड करून असलेले कण प्रकाश कसा विखुरतील, यावर निबंध लिहिला. मुलाच्या निरीक्षणासाठी त्यांनी आपलंच जुनं गृहीतक सैल केलं. पुढच्याच वर्षी ते वारले.

कल्पना साधी आहे. होडीला तिरका धक्का दिला, तरी ती बरीचशी आपल्या लांबीच्या दिशेनेच सरकते. लांबट रेणूतले इलेक्ट्रॉनही लांबीच्या दिशेने सहज हलतात, आडवे कमी. त्यामुळे त्यांची हालचाल ढकलणाऱ्या दिशेपासून जराशी कलते आणि काटकोनात नको तो उजेड गळतो. आर्गॉनचा एकटा अणू सर्व दिशांनी सारखा, म्हणून तिथे गळती नाही. मिथेनमध्येही ती जवळजवळ नसते. मिथेनचा रेणू काही चेंडू नव्हे. पण त्याचे चार हायड्रोजन चारी कोपऱ्यांत इतके समतोल बसलेले आहेत, की प्रकाशाला तो चेंडूसारखाच वाटतो. म्हणजे महत्त्व गोलपणाला नाही, सममितीला आहे.

कोलकात्यात बोबाजारच्या इंडियन असोसिएशनमध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे विद्यार्थी हीच गळती वायूंत आणि द्रवांत मोजत होते. 1923 साली रामनाथन यांना द्रवांत एक क्षीण, रंग बदललेला प्रकाश दिसला. तो अशुद्धीमुळे येणारी प्रतिदीप्ती असावी, असा संशय होता. पण द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो जाईना. पुढे शुद्ध ग्लिसरीनमधला असा प्रकाश ठळकपणे ध्रुवित आढळला. हे लक्षण प्रतिदीप्तीचं नव्हे, विकिरणाचं होतं. 28 फेब्रुवारी 1928 हा दिवस त्यातून आला.

रामन परिणामात रेणूची कंपनं विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलतात. इन्फ्रारेड प्रकाश शोषला जातो तोही कंपनांमुळेच. पण दोन्हींच्या अटी वेगळ्या. इन्फ्रारेडसाठी कंपनाने रेणूतला विद्युतभार एका बाजूला झुकावा लागतो. रामनसाठी इलेक्ट्रॉनांचं सहज हलणं बदलावं लागतं. रेणूला सममिती केंद्र असेल, तर एकच कंपन दोन्ही अटी पुऱ्या करू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर ताणले जातात ते कंपन रामन वर्णपटात दिसतं, इन्फ्रारेडमध्ये नाही. नायट्रस ऑक्साइडमध्ये मात्र तीच कंपनं दोन्हीकडे दिसतात. तेव्हा त्याचा ऑक्सिजन मधोमध नसून टोकाला आहे. न दिसणाऱ्या रेणूची मांडणी अशी गैरहजर रेषांवरून ठरू लागली. रामन यांचे विद्यार्थी भगवंतम् यांनी वेंकटरायुडू यांच्यासह सममितीच्या या गणितावर 1948 साली पुस्तकच लिहिलं.

आता पुन्हा टिंडलकडे. निळ्या नळीच्या दहा वर्षं आधी, 1859पासून, तो वेगळीच मोजणी करत होता: कोणता वायू उष्णतेचे किरण अडवतो? नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ काहीच अडवत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, हे त्याने दाखवलं. कोरड्या हवेचा 99 टक्के भाग उष्णतेला वाट करून देतो आणि उरलेल्यातला चिमूटभर अंश ती रोखतो, असं का, याचं उत्तर त्याच्या हाती नव्हतं. दोन सारख्या अणूंची जोडी कितीही ताणली, तरी भार कुणा एका बाजूला झुकत नाही. कार्बन डायऑक्साइडचं सममित ताणणंही उष्णतेला दिसत नाही. पण तो वाकतो, किंवा एक बाजू ताणली जाताना दुसरी आखडते, तेव्हा सममिती मोडते आणि उष्णता अडते.

पृथ्वी किती तापणार, हे ठरवणाऱ्या कारणांत हेही एक आहे. टिंडलने आकाशाची निळाई आणि हवेची ऊब दोन वेगळ्या नळ्यांत मोजली. रेणूच्या घडणीचा प्रश्न दोन्ही नळ्यांत एकच होता; पण तो तसा ओळखला जाण्याआधी, 1893 साली, टिंडल गेला होता.