शिकवणाऱ्यांना शिकवणारी आळंदी

माऊली, गावोगावी शाळा झाल्या त्या अगदी अलीकडे. त्याआधी ज्यांना अक्षर ठाऊक नव्हतं, त्या आपल्या आज्यापणज्यांना ज्ञानेश्वरीतले दृष्टांत तोंडपाठ असत. ते त्यांना कीर्तनकारांनी शिकवले. म्हणजे कीर्तनकार हाच गावचा मास्तर. पण या मास्तराला शिकवायचं कोणी?

पूर्वी ती सोय फडावर होती. बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं, चाली कानात साठवायच्या, अभंग पाठ करायचे. बापाचं बघून पोरगा तयार व्हायचा. रीत चांगलीच होती. पण ज्याच्या घरात परंपरा नाही त्यानं कुठं जावं? आणि पाठ केलेल्या अभंगाचा अर्थ त्याला कोणी उलगडून सांगावा?

ही उणीव ह.भ.प. विष्णुबुवा जोग महाराजांनी भरून काढली. महाराज पुण्याचे, तालमीत कसलेले, आजन्म ब्रह्मचारी. १९१७ साली त्यांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, विचारसागर, संस्कृत आणि त्याला जोडून गायन-वादन. विद्यार्थ्यानं माधुकरी मागून पोट भरायचं आणि शिकायचं. दारोदार झोळी घेऊन फिरताना जी नम्रता अंगी येते, ती कुठल्या पोथीत मिळणार? माधुकरी हाही अभ्यासाचाच भाग होता.

महाराज १९२० साली वैकुंठवासी झाले. अवघी तीन वर्षं! पण त्यांनी माणसं घडवली होती. बंकटस्वामी, लक्ष्मणबुवा इगतपुरीकर, मारुतीबुवा गुरव यांनी धुरा वाहिली. मामासाहेब दांडेकर तर पुण्यात कॉलेजचे प्राचार्य आणि पंढरीच्या वाटेवर साधे वारकरी. एकाच माणसात दोन्ही शाळा नांदल्या.

आज सप्ताह ठरवताना कित्येक ठिकाणी पहिला प्रश्न निघतो तो बिदागीचा. बुवांचा अभ्यास किती, हे मागाहून. कीर्तन विकू नये, असं तुकोबारायांनी बजावलं. जोग महाराजांनी ते पाळून दाखवलं. दोष एकट्या कीर्तनकाराचा नाही, बोलावणारे आपणच आहोत.

दिंडीची शंभर वर्षं भरली, आनंद आहे. पण पुढच्या शंभरांसाठी आपल्यातलं एखादं पोरगं आळंदीला धाडावं, त्याच्या शिक्षणाचा भार सगळ्यांनी मिळून उचलावा. दिंडी पायांनी चालते खरी, पण टिकते ती शिकवणाऱ्यावर.

राम कृष्ण हरि!